नकाशाशास्त्रात अध्यापक आणि संशोधक व्हायचे असेल तर : ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात मुलाने किंवा मुलीने भूगोल घेऊन नकाशाशास्त्रात पुढे जायचे ठरवले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : नकाशे तर आता मोबाइलमध्येच असतात, मग ते शिकून करायचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. मोबाइलमधला नकाशा महाराज बाड्यापासून फुलबागेपर्यंतचा रस्ता दाखवतो, पण तो कुठे चुकला आहे, किती चुकला आहे आणि का चुकला आहे, हे तो कधीही सांगत नाही. ते सांगता येणाऱ्या माणसाला विद्यापीठात काम असते, आणि तसा माणूस कसे व्हावे याचा हा खुलासा आहे.

प्रथम दोन नावांतला फरक समजून घ्यावा, कारण प्रवेशअर्जापासून मुलाखतीपर्यंत त्याचा संबंध येतो. नकाशाशास्त्राचा विषय आहे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची गणिती रीत), प्रमाण, चिन्हे, रंग, सामान्यीकरण (बारीक तपशील गाळून आकृती सोपी करणे) आणि वाचकाला नकाशातून नेमके काय कळते याचा अभ्यास. भूमाहितीशास्त्र त्याहून नवे आहे. मायकेल गुडचाइल्ड यांनी १९९२ मध्ये या नावाने एक निबंध लिहून असे मांडले की जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हे केवळ संगणकावरचे साधन नसून त्यामागे स्वतंत्र शास्त्रीय प्रश्न आहेत : स्थळाची माहिती कशी साठवावी, तिच्यातली अनिश्चितता कशी मोजावी, सीमा बदलल्या की निष्कर्ष का बदलतात. आपल्याकडे मात्र 'जीआयएस शिकलो' याचा अर्थ बहुतेकदा 'एक सॉफ्टवेअर चालवता येते' एवढाच घेतला जातो. तेवढ्यावर खासगी कंपनीत डिजिटायझेशनचे काम मिळते आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाही, परंतु ज्याला अध्यापन आणि संशोधन करावयाचे असेल त्याने सॉफ्टवेअरच्या बटणामागे कोणते गणित चालले आहे हे विचारण्याची सवय पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच लावून घ्यावी.

पदवी कोणती घ्यावी

या विषयाला एकच दरवाजा नाही. भूगोल, भूशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा कोणत्याही शाखेतून येथे येता येते. मात्र पुढे अध्यापकपदासाठी जो विषय लागतो तो पदव्युत्तर पदवीवरून ठरतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. भूगोलाच्या विभागात नोकरी हवी असेल तर एम.ए. किंवा एम.एस्सी. भूगोल घेणे सर्वात सरळ. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर स्थापत्य शाखेनंतर भूमापन किंवा जिओमॅटिक्स (भूमापनाचे संगणकीय रूप) यांतील एम.टेक. घ्यावे. नुसती 'जिओइन्फॉर्मॅटिक्स' (भूमाहितीशास्त्र) नावाची पदवी घेऊन भूगोलाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांना पात्रतेच्या छाननीत अडचण येताना मी पाहिली आहे, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच ज्या राज्यात नोकरी हवी तेथील जाहिरातींमधला 'संबंधित विषय' हा शब्द कसा लावला जातो ते तपासावे.

ग्वाल्हेरमध्ये पदवीपर्यंतचे शिक्षण घरी राहून होते. पदव्युत्तर पातळीवर मात्र बाहेर पडण्याची तयारी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरांतून पहिले नाव पुण्याचे निघते, कारण तिथे मावशी किंवा आत्या असते. पुण्यात भूमाहितीशास्त्राचे शिक्षण चांगले मिळते यात शंका नाही, पण यादी तिथेच थांबवू नये. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये हवाई छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देण्यासाठी नेदरलँड्सच्या सहकार्याने सुरू झाली आणि आज ती इस्रोचा भाग आहे. तिथले नियमित अभ्यासक्रम तर आहेतच, शिवाय घरबसल्या करता येणारे तिचे विनामूल्य ऑनलाइन वर्ग पदवीच्या विद्यार्थ्याने अवश्य करावेत. मुंबई, कानपूर आणि रुडकी येथील आयआयटींमध्ये या विषयाची जुनी परंपरा आहे. तिकडे जाण्यासाठीच्या 'गेट' परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्स अभियांत्रिकी अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

गणिताबद्दल एकच सांगतो. बारावीला गणित सोडलेल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याने त्रिकोणमिती, मॅट्रिक्सचे प्राथमिक ज्ञान आणि संख्याशास्त्र हे पुन्हा शिकावे. पायथनसारखी एक संगणकीय भाषा आणि क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर एवढी साधने पुरेशी आहेत. महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरलेल्या प्रतीवर प्रबंध उभारू नये.

भाषेचाही एक पेच ग्वाल्हेरच्या मराठी मुलांपुढे असतो. उपग्रहातून किंवा विमानातून जमिनीची माहिती घेण्याला घरात आपण 'दूरसंवेदन' म्हणावे, हिंदी पाठ्यपुस्तकात 'सुदूर संवेदन' असते आणि शोधनिबंधात 'रिमोट सेन्सिंग'. तिन्ही शब्दांची एक वही करावी. अध्यापकपदाच्या पात्रतेची 'नेट' परीक्षा हिंदीतून किंवा इंग्रजीतून देता येते, पण संशोधनाचे लेखन इंग्रजीतूनच करावे लागते, आणि ती सवय पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षावर ढकलणारे विद्यार्थी तिथेच अडकतात.

७८ अंश रेखांश : आपल्या दाराशी असलेला धडा

नकाशाशास्त्राचा सर्वात अवघड आणि सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे प्रक्षेपण आणि आधारपृष्ठ (पृथ्वीचा जो गणिती आकार धरून स्थाने मोजतात तो). तो शिकायला ग्वाल्हेरइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. यूटीएम, म्हणजे सार्वत्रिक आडव्या मर्केटर प्रक्षेपणाच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. त्यांतला ४३ क्रमांकाचा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व आणि ४४ क्रमांकाचा ७८ ते ८४ अंश पूर्व असा आहे. ग्वाल्हेर शहर ७८ अंशांच्या पूर्वेला सुमारे १७-१८ किलोमीटरवर आहे, तर मुरैना जवळजवळ त्या रेषेवरच वसले आहे. जौरा आणि सबलगढ ४३ मध्ये, अंबाह आणि भिंड ४४ मध्ये. म्हणजे येथे चंबळच्या खोऱ्यावर काम करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे क्षेत्र या रेषेने दुभंगलेले असते.

पट्ट्याचा क्रमांक चुकला तर गावे सहा अंश, म्हणजे या अक्षांशावर सुमारे ६०० किलोमीटर सरकतात. ती चूक लगेच दिसते, म्हणून ती धोक्याची नाही. धोका त्यापुढच्या चुकीत आहे. पट्ट्याच्या मध्य रेखांशावर यूटीएमचा प्रमाण-गुणक ०.९९९६ असतो आणि कडेकडे तो वाढत जातो. आपल्या अक्षांशावर ७८ अंशांपाशी तो सुमारे १.०००७ होतो. त्यामुळे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशात सुमारे ७० सेंटिमीटर जास्त भरतो आणि क्षेत्रफळात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे १४ हेक्टरांची वाढ दिसते. रस्ता शोधणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण 'गेल्या वीस वर्षांत बीहडाचे (पाण्याने कोरलेल्या घळ्यांच्या जमिनीचे) क्षेत्र एवढ्या हेक्टरांनी घटले' असे विधान करणाऱ्याने आधी हे १४ हेक्टर कुठे गेले याचा हिशेब दिला पाहिजे. शिवाय पट्ट्याच्या कडेला नकाशाच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे १.३ अंशांचा फरक पडतो, जो होकायंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. उपाय सोपा आहे : क्षेत्रफळाच्या कामासाठी समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे, किंवा ७८ अंश हाच मध्य रेखांश धरून आपल्यापुरते आडवे मर्केटर प्रक्षेपण बनवावे. कोणत्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते पाच मिनिटांत होते. प्रबंधात त्यावर अर्धे पान लिहावे. परीक्षक बहुधा तेच पान आधी वाचतो.

आधारपृष्ठाचा धडा मला स्वतःला फार खजील होऊन शिकावा लागला. विद्यार्थिदशेत मी चंबळच्या काठाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा आणि उपग्रहाचे चित्र एकावर एक ठेवले, तेव्हा सगळा काठ शंभर मीटरांहून अधिक सरकलेला दिसला. नदीने पात्र बदलले असा निष्कर्ष काढून त्याची भूरूपशास्त्रीय कारणेही मी दोन पानांत लिहून काढली. लिहून झाल्यावर सहज लक्ष गेले, तर मुरैना आणि धौलपूर यांच्यामधला रेल्वेचा पूलही तेवढाच आणि त्याच दिशेला सरकला होता. नदी सरकते, पूल सरकत नाही. जुना नकाशा एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर (पृथ्वीच्या किंचित चपट्या गणिती आकारावर) आधारलेला होता आणि उपग्रहाचे चित्र डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक आधारपृष्ठावर. मी मध्ये रूपांतर केलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत आलो आहे की दोन काळांचे नकाशे जोडले की आधी पूल, देऊळ, रेल्वेचा फाटा असे न हलणारे काही शोधावे आणि मगच हलणाऱ्या गोष्टीकडे पाहावे.

या एव्हरेस्ट गोलाभाचे मूळही आपल्याच प्रदेशात आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासपासून आरंभलेले आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलेले महाचापाचे (दक्षिणोत्तर लांबलचक कमानीचे) मापन ७८ अंशांच्या आसपासच्या रेखांशावरून वर सरकत गेले, आणि भारतीय त्रिकोणीकरणाचे आरंभस्थान म्हणून सिरोंजजवळचे कल्याणपूर निवडले गेले. आज ते ठिकाण मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यात येते. देशातले जुने स्थलनिर्देशक नकाशे ज्या बिंदूपासून मोजले गेले तो बिंदू आपल्या राज्यात असून आपले बहुतेक विद्यार्थी तिथे कधी गेलेले नसतात. पदव्युत्तर वर्गाची एक सहल तिकडे न्यावी. पाहण्यासारखी इमारत नाही, पण वर्गात तीन तास घालवून जे डोक्यात शिरत नाही ते तिथे अर्ध्या तासात शिरते.

प्रबंधाचा विषय

करिअरची दिशा विषय निवडताना ठरते, म्हणून येथे घाई करू नये. साधारण विद्यार्थी 'अमुक जिल्ह्यातील भूमिवापर बदल : सुदूर संवेदन आणि जीआयएसच्या साहाय्याने' असा विषय घेतो. जिल्ह्याचे नाव तेवढे बदलायचे, बाकी सारे तसेच. असे प्रबंध आता इतके झाले आहेत की त्यांतून नवे काही निघणे कठीण आहे. जागेचे नाव हा प्रश्न होऊ शकत नाही. पद्धतीत कुठे अडते, आणि ते अडणे माझ्या जागेवर सर्वात स्पष्ट का दिसते, असा प्रश्न घडवावा.

उदाहरणासाठी बीहडच घेऊ. चंबळ आणि तिच्या उपनद्यांच्या काठी गाळाच्या मऊ जमिनीत पावसाच्या पाण्याने कोरलेल्या या घळ्या भिंड, मुरैना आणि ग्वाल्हेर या तीनही जिल्ह्यांत पसरलेल्या आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांच्या अंतराळफेरीत रडारने मोजलेले एसआरटीएम या मोहिमेचे उंचीचे आकडे सर्वांना फुकट मिळतात, पण त्यांतला एक चौकोन ३० मीटर रुंदीचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. पंधरा मीटर रुंदीची आणि दहा मीटर खोलीची घळ त्या चौकोनात शिरली की तळ आणि कडा यांची सरासरी होऊन खोली नाहीशी होते. इस्रोच्या कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहाच्या जोडचित्रांवरून केलेली उंचीची माहिती भुवन या संकेतस्थळावर मिळते, आणि युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर विभेदनाची, म्हणजे १० मीटरच्या चौकोनांची, चित्रे २०१५ पासून उपलब्ध आहेत. मग प्रश्न असा विचारता येतो : कोणत्या रुंदीच्या खाली घळ कोणत्या माहितीतून अदृश्य होते, आणि त्यामुळे मातीच्या धूपेचे आजवरचे अंदाज किती कमी किंवा जास्त आले असतील? हा प्रश्न चंबळचा असूनही इथिओपियातल्या आणि चीनच्या लोएस पठारावरच्या संशोधकालाही उपयोगी पडतो. ट्रॅक्टर आणि बुलडोझरने सपाट केलेले बीहड उपग्रहाच्या चित्रात शेतासारखेच दिसते. दोन पावसाळ्यांनंतर तिथे पुन्हा घळ पडते का, हा आणखी एक प्रश्न, आणि अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या चित्रमालिकेवर तो अभ्यासता येतो.

येथे चित्रांवरून केलेल्या जमिनीच्या वर्गवारीच्या अचूकतेच्या टक्क्यांबद्दल सावध करतो. समजा आपण तपासणीसाठी १०० ठिकाणे निवडली, त्यांतली ८५ शेतात आणि १५ बीहडात पडली. आता डोळे मिटून सगळा नकाशा 'शेत' म्हणून रंगवला तरी अचूकता ८५ टक्के भरते, आणि बीहड एकही सापडलेले नसते! म्हणून एकूण टक्केवारीवर समाधान न मानता प्रत्येक वर्गाची वेगळी अचूकता द्यावी, तपासणीची ठिकाणे वर्गनिहाय निवडावीत आणि त्या ठिकाणी स्वतः पायी जावे. हातातला जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, तेव्हा १० मीटरच्या चौकोनाच्या कडेवर उभे राहून नोंद घेऊ नये. पावसाळ्यानंतर आणि रब्बीच्या कापणीनंतर अशा दोन वेळा जावे, कारण मार्चमधले मोहरीचे शेत आणि मे महिन्यातली उघडी माती उपग्रहाला दोन वेगळ्या जमिनी वाटतात.

ज्याला घळ्यांत उतरायचे नाही आणि जुन्या कागदांची आवड आहे त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती आपल्यासाठी विशेष मोकळी आहे. शिंदे संस्थानाच्या कारभारातले मराठी कागद मोडी लिपीत आहेत. गावांची जुनी नावे, महाल आणि परगण्यांच्या सीमा, बिघा आणि बिस्वा यांत नोंदलेले क्षेत्र हे सारे आजच्या नकाशावर आणून ऐतिहासिक भूमाहिती तयार करता येते. पटवारी, म्हणजे महाराष्ट्रातल्या वाचकांचा तलाठी, जरीब नावाच्या साखळीने मोजून जो नकाशा ठेवत आला तो आणि स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने काढलेले गावठाणाचे नकाशे, यांची तुलना हा एक उत्तम विषय होईल. मोडी वाचणारी आणि प्रक्षेपण समजणारी, असे दोन्ही गुण असलेली माणसे देशात फार थोडी. घरात आजोबांच्या पेटीत मोडी कागद पडलेले असताना हा विषय बाहेरच्या कोणी येऊन करावा, हे मला तरी रुचत नाही.

मार्गदर्शक, परीक्षा आणि शिष्यवृत्ती

मार्गदर्शक निवडताना त्यांचे नाव किती मोठे यापेक्षा त्यांच्या मागच्या तीन-चार विद्यार्थ्यांनी पीएच.डी. किती वर्षांत पूर्ण केली आणि आता ते काय करतात हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. सरांना भेटायला जाताना पेढे नेले तरी चालतील, पण सोबत दोन पानांचा प्रश्न लिहून न्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर पदव्युत्तर पदवीशिवायही प्रवेशाची पात्रता मिळते, तरी या विषयात मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण प्रक्षेपण, संख्याशास्त्र आणि क्षेत्रकार्य पचायला ती दोन वर्षे लागतातच.

नेट परीक्षा भूगोलातून द्यावी. पहिल्या पत्रिकेत ५० आणि दुसऱ्या पत्रिकेत १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पृथ्वीविज्ञानाची सीएसआयआर-नेट आहे. जेआरएफ, म्हणजे या परीक्षांतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. खुल्या वर्गासाठी जेआरएफची वयोमर्यादा ३० वर्षे असल्याने आधी नोकरी, मग बघू असे म्हणणाऱ्यांनी वयाचा हिशेब करावा. राज्याची सेट परीक्षा मध्य प्रदेश लोकसेवा आयोग घेतो आणि ती राज्यातल्या महाविद्यालयांसाठी पुरते.

माहिती आणि कायदा

नकाशांच्या बाबतीत आपला देश फार काळ हात आखडून होता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि सर्वांसाठीची अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांची पूर्वपरवानगीची अट काढली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आले. संशोधकाने यातली एक गोष्ट विसरू नये : आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटर या मर्यादेहून बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवावी आणि हाताळावी लागते. ड्रोनची तशी माहिती परदेशी सर्व्हरवर चढवण्याआधी, किंवा एखादे नियतकालिक ती मागते म्हणून पाठवण्याआधी, विद्यापीठाला लेखी विचारावे. ग्वाल्हेरमध्ये महाराजपूरचा हवाई तळ असल्याने शहराच्या आसपास ड्रोन उडवण्यावर निर्बंध आहेत. डिजिटल स्काय या शासकीय संकेतस्थळावर ड्रोनला कुठे मोकळीक आणि कुठे बंदी हे दाखवणारे हवाई क्षेत्राचे रंग पाहूनच क्षेत्रकार्याचे ठिकाण ठरवावे. बीहडातला आपला नमुना भाग त्या क्षेत्राच्या आत येतो हे तिसऱ्या वर्षी कळण्यात काही अर्थ नाही.

शहराचे स्थलनिर्देशक नकाशे मागवताना जुन्या क्रमांकांत ५४ जे या अंशपत्रकातले ३ आणि ४ हे दोन्ही मागवावेत. २६ अंश १५ मिनिटांच्या अक्षांशावर पत्रक तुटते, त्यामुळे किल्ला एकावर आणि विमानतळ दुसऱ्यावर पडतो.

लेखन, परिषदा आणि परदेश

पहिला शोधनिबंध पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात पाठवावा. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग ही १९६९ पासूनची आणि इंडियन नॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन ही १९७९ पासूनची संस्था. या दोन्हींच्या वार्षिक परिषदांमध्ये विद्यार्थ्यांना निबंध वाचता येतो आणि दोन्हींची नियतकालिके आहेत. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांत एकदा नाव आले की ते खोडता येत नाही. त्यापेक्षा एक वर्ष थांबलेले चांगले. निबंधासोबत आपली माहिती, वापरलेले प्रक्षेपण आणि संगणकीय आज्ञावली दुसऱ्याला चालवता येईल अशा रीतीने द्यावी. निबंधातल्या नकाशाची रेषाजाडी, अक्षरे आणि रंग स्वतः ठरवावेत. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली हिरवी-लाल रंगपट्टी रंगांध वाचकाला एकसारखी दिसते आणि नकाशाशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून ही चूक कोणी माफ करत नाही.

परदेशी जायचे असेल तर म्युनिक, व्हिएन्ना, ड्रेस्डेन आणि ट्वेंटे येथील विद्यापीठे मिळून नकाशाशास्त्राची एक संयुक्त एम.एस्सी. चालवतात, ज्यात विद्यार्थी एकेका सत्रासाठी शहर बदलतो. युरोपात पीएच.डी. हे बहुधा पगारी पद असते आणि त्याची नोकरीसारखी जाहिरात निघते, म्हणून तिकडे अर्ज करताना शिष्यवृत्तीऐवजी जाहिराती शोधाव्यात.

नोकरी

येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, पण त्या जागा दरवर्षी निघत नाहीत आणि निघाल्या तरी भरतीला वेळ लागतो. मधल्या काळात बहुतेकांना 'अतिथी विद्वान' म्हणून शिकवावे लागते. नाव भारदस्त असले तरी मानधन आणि शाश्वती दोन्ही बेताची. तो काळ दोन-तीन वर्षांहून लांबू लागला तर हैदराबाद, अहमदाबाद, देहरादून येथील संशोधन प्रकल्पांत जावे, कारण तिथे निबंध लिहिले जातात आणि रिकाम्या वर्गात हजेरी घेण्यात वर्षे जात नाहीत. घरी हे आधीच समजावून सांगावे. 'अजून नोकरी नाही लागली का' या काकूंच्या प्रश्नाला गणेशोत्सवाच्या मांडवात उत्तर देत बसण्यापेक्षा ते सोपे जाते.

मुलाखतीत नमुना व्याख्यान द्यावे लागते. उमेदवार बहुतेक वेळा जीआयएसच्या व्याख्येपासून आरंभ करतात आणि दहा मिनिटांत घटकांची यादी वाचून संपवतात. समितीतल्या पाचांपैकी तिघे बहुधा या विषयाचे नसतात आणि त्यांना ती यादी ऐकवत नाही. त्याऐवजी ज्या गावात मुलाखत असेल तिथला स्थलनिर्देशक नकाशा आणि त्याच जागेचे आजचे उपग्रहचित्र असे दोन कागद घेऊन जावे. समितीला दोन्हींवर एकच देऊळ किंवा पूल दाखवावा, त्यांच्या निर्देशकांतला फरक त्यांच्यासमोर फळ्यावर वजा करून दाखवावा आणि तो फरक कुठून आला हे सांगायला लागावे. फळा नसेल तर पाठकोरा कागद आणि जाड पेन जवळ असू द्यावे, आणि प्रोजेक्टर चालेल असे मुळीच गृहीत धरू नये.